कैऱ्यांचा निरोप

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत असता तर हसला असता, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमच्या गावात सगळे म्हणतात, आणि खरंच म्हणतात. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या घरी दुपारीच चूल पेटली, सगळं माझ्याकडून गावाला कळायचं. एवढं बोलणारी बाई एक गोष्ट इतकी वर्षं कशी पोटात ठेवू शकते? मला वाटतं, मी इतकी बोलत राहिले ती ही एक गोष्ट झाकायलाच.

कुठून सुरू करू? वच्छलापासून करते. दुसरीकडून केलं तर मी पुन्हा वाट चुकवीन.

वच्छला माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, नामदेवभाऊजींची बायको. महाराष्ट्र नुकता झाला होता त्या दिवसांत ती लग्न होऊन आमच्या घरी आली, संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिचं माहेर लांब, सुलतानपूरकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. बोलणं थोडं वेगळं होतं तिचं, पण महिनाभरात ती आमच्यासारखी बोलायला लागली. हसरी होती. काम करताना गुणगुणायची, आणि सासू आली की गप्प व्हायची.

गप्प व्हावंच लागायचं. आमच्या घरची रीत तशी होती. नवी सून सासऱ्यासमोर उभी राहत नसे, आणि सासूशीही आपणहून तोंड उघडत नसे. काही हवं असेल तर थोरल्या जावेच्या कानात सांगायचं, आणि थोरली ते पुढे न्यायची. मीठ संपलं, बांगडी फुटली, न्हाणं आलं, माहेरची आठवण येते, सगळं असं कानातून. माझ्या वेळी मला थोरली जाऊ नव्हती. घरात एक म्हातारी आतेसासू होती, तिच्या कानात सांगायचं तर तिला ऐकू यायचं नाही, आणि सगळ्या आळीला ऐकू जायचं. म्हणून वच्छला आली तेव्हा मला मोठा मान मिळाल्यासारखं झालं. तिचं तोंड म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. ती कानात एक वाक्य सांगायची आणि मी चार करून सांगायचे.

आता दुसरी गोष्ट. मी पोटावर गडवा लावायचे.

गडवा म्हणजे पितळेचा तांब्या. कोणाचं पोट दुखायला लागलं की आमच्याकडे म्हणायचे, बेंबी सरकली. मग माणसाला उताणं निजवायचं, बेंबीवर कणकेचा छोटा दिवा ठेवायचा, वात पेटवायची आणि त्यावर गडवा पालथा घालायचा. दिवा विझतो आणि गडवा कातडीला घट्ट धरतो. तो थोड्या वेळाने सोडवला की बेंबी जागेवर बसली म्हणायचं. माझ्या आईकडून मी हे शिकले होते. शेजारच्या गावांतून बायका यायच्या माझ्याकडे. वारा धरला असेल, अजीर्ण असेल, तर तसंही ते जरा वेळाने थांबतंच ना? पण नाव माझं व्हायचं. ‘हातगुण आहे बाईच्या हाताले,’ असं म्हणायचे. विशी नुकती ओलांडलेली मी, मान ताठ करून चालायचे.

पण ऐका. गडव्याची कबुली द्यायला मी बसलेले नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला असंच समजावत आले की, अगं, चूक गडव्याची, अडाणीपणाची, त्या काळाची. किती सोयीचं आहे ते! अडाणी माणसाला कोण काय म्हणणार? पण मी त्या दिवशी अडाणी नव्हते. मला माहीत होतं. तेच सांगायला इतकी घुटमळते आहे.

हे घडलं त्याच उन्हाळ्यात गावात एक नर्सबाई आली होती. देवीच्या लसीसाठी आली, आणि मारुतीच्या पारावर बायका जमवून तासभर बोलली. बाळंतपणाचं बोलली, हगवणीचं बोलली, आणि मग पोटदुखीचं. म्हणाली, सगळी पोटदुखी सारखी नसते. जी बेंबीपाशी सुरू होते आणि मग खाली उजव्या बाजूला जाऊन बसते, जिच्यात उलटी होते, ताप चढतो, चालताना माणूस वाकतो, उजवा पाय लांब करवत नाही आणि पोटाला हात लावू देत नाही, ती साधी नव्हे. तिथे चोळायचं नाही, शेकायचं नाही, एरंडेल तर मुळीच द्यायचं नाही. खायला-प्यायलाही न देता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. आणि अशात दुखणं एकदम थांबलं तर बरं वाटलं म्हणून हसू नका, तेव्हा जास्त घाई करा.

मला राग आला होता तिचा. ती गडव्याबद्दल काही बोलली नाही, पण बायका माझ्याकडे बघत होत्या. संध्याकाळी विहिरीवर मी तिची नक्कल केली. पदर तिच्यासारखा खोचला, हात पोटावर ठेवला आणि वाकून चालून दाखवलं, ‘उजवा पाय लांब करवत नाही हो.’ बायका हसून हसून लोळल्या. वच्छलाही हसली. म्हणजे बघा, नर्सबाईचा शब्द न् शब्द मला पाठ होता. नक्कल करायची तर आधी नीट ऐकावं लागतं.

आखाजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, कैऱ्या-आंबे खातात. आदल्या वर्षी मी बाळंत होते म्हणून मला जायला मिळालं नव्हतं. ह्या वर्षी मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आपणहून सांगितलं होतं की थोरलीला दमणीतून पोहोचवा. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. घरात एकच होती, आणि तिला जुंपायची बैलजोडीही एकच. माझं लुगडं ठरलेलं होतं, लेकीचं झबलं ठरलेलं होतं, कोणत्या मैत्रिणीला आधी भेटायचं ते ठरलेलं होतं. वच्छलाला मात्र ह्या वर्षी पाठवायचं नव्हतं. तिचं माहेर लांब. ती काही बोलली नव्हती, पण माझं बोचकं बांधून तिनेच दिलं.

आखाजी दोन दिवसांवर असताना आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, कुरडया घालत होतो. सकाळीच वच्छला साचा दाबता दाबता थांबली. पोट धरून खाली बसली. मला म्हणाली, बेंबीपाशी पीळ पडतोय. मी तिला खाली आणलं, निजवलं, गडवा लावला. गडवा मस्त धरला. सोडवताना चट् आवाज झाला. मी सगळ्यांना सांगून टाकलं की बसली बेंबी. दुपारी तिने दोनदा उलटी केली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एरंडेल द्यायला सांगितलं आणि मी ते दिलं, माझ्या हाताने, वाटीतून. देताना नर्सबाई आठवली का? आठवली. पण तेव्हा दुखणं बेंबीपाशीच होतं, म्हटलं साधंच असेल.

दिवेलागणीला तिने मला जवळ बोलावलं. दुखणं खाली उतरलं होतं, उजवीकडे. अंग तापलं होतं. मी पोटावर हात ठेवला तर तिने माझं मनगट धरून तो बाजूला केला. पोट लाकडाच्या पाटासारखं लागलं हाताला.

“अक्का,” ती म्हणाली, “मले पाय लांबच करता येऊन नाई राह्यला. आत्याबाईले सांगा ना.”

मी म्हटलं, “सांगतो व माय. तू पड.”

सांगितलं नाही. आत्याबाई देवापाशी बसल्या होत्या, मग जेवणं झाली, मग उशीर झाला. घरात पुरुष म्हणून मामंजी एकटेच. दोघे भाऊ एका मित्राच्या लग्नाला वऱ्हाडाबरोबर गेलेले. नामदेवभाऊजी घरी असते तर वच्छलाने त्यांना सांगितलं असतं, आणि मग मला आज हे काही लिहावं लागलं नसतं. पण ते नव्हते. होते फक्त मी.

सांगून टाकायला काय जात होतं माझं? मी ओळखून होते. सांगितलं की मामंजी एक क्षण थांबणार नाहीत. सासरची माणसं कडक असती, सुनेच्या दुखण्याकडे काणाडोळा करणारी असती, तर मला निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. तशी नव्हती ती. रीतीची होती, पण मायेची होती. मामंजींनी तेव्हाच दमणी जुंपायला लावली असती, वच्छलाला संग्रामपूरला नेलं असतं, तिथून मोटारीने खामगावला. आणि माझी आखाजी?

इतकंच होतं ते. झोका, कैऱ्या आणि नवं लुगडं. एका गाडीपायी. तुम्हाला वाटेल, दोघींमध्ये काही वैर असेल, मत्सर असेल. काही नव्हतं. आवडायची मला ती. एखाद्याचं वाईट करायला वैर लागतं असं कोणी सांगितलं?

सकाळी दमणी अंगणात उभी राहिली. सालदार, आमचा वर्षाच्या बोलीचा गडी, बैलांना पाणी दाखवत होता. मामंजी ओट्यावर बसले होते, आत्याबाई माझ्या लेकीच्या कपाळाला काजळाचं बोट लावत होत्या. मी दाराशी आले तर वच्छला चौकटीला धरून उभी. वाकलेली. डोक्यावरचा पदर एका हाताने सावरलेला, दुसरा हात पोटावर. ओठ पांढरे पडले होते. रात्रभर ती झोपली नव्हती, आणि मी तिच्या शेजारी झोपेचं सोंग घेतलं होतं.

आत्याबाईंनी तिला बघितलं आणि त्या काळजीने म्हणाल्या, “वच्छे, काऊन उठली व? दुखते का अजून?”

आता बोलायचं होतं. पण समोर ओट्यावर सासरे. वच्छला माझ्या कानाशी आली. तिचा श्वास गरम लागला. ती म्हणाली, “मले दवाखान्यात न्या म्हना, अक्का. नाई सोसत आता.”

“काय म्हन्ते?” आत्याबाईंनी मला विचारलं.

आणि मी म्हणाले, “येतानी कैऱ्या आनजा म्हन्ते. आंबट खा वाटून राह्यलं म्हने तिले.”

हे वाक्य माझं मलाच अचानक सुचलं, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. पण ते खोटं आहे. मी ते जोखून बोलले. कालच्या उलट्या, त्यात नवी सून, त्यात कैऱ्या. घरातल्या बाईने याचा काय अर्थ लावावा? आत्याबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या मामंजींकडे बघून हसल्या, मामंजींनी लाजून मान वळवली. सालदारसुद्धा हसला. आत्याबाईंनी पुढे येऊन वच्छलाच्या तोंडावरून हात फिरवला, तिला धरून आत नेलं, निज म्हणाल्या. असल्या दिवसांत दुखतंच थोडं, म्हणाल्या.

वच्छलाने जाता जाता माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, अक्का आता खरं सांगेल. किंवा काय वाटलं असेल, ते मी सांगू शकत नाही. ती ओरडू शकली असती, नाही, असं म्हणू शकली असती. सासऱ्यासमोर तिचं तोंड उघडलं नाही. आणि मी दमणीत चढले.

माहेरी मी झोक्यावर बसले. हो, बसले. गाणी म्हटली, कैऱ्या मीठ लावून खाल्ल्या. मन लागत नव्हतं असं लिहिलं तर तुम्ही मला थोडं बरं समजाल, पण पहिल्या दिवशी मन लागलं होतं. दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या जेवणावर बसले असताना, घास हातात घेऊन मला एकदम वाटलं की ती मेली असेल. मग मी आईला म्हटलं, मला परत पाठव. आईने कारण विचारलं. मी म्हटलं, उन्हाने डोकं दुखतंय.

ती मेली नव्हती. मी गेल्यावर त्या दिवशी दुपारीच तिचं दुखणं एकदम थांबलं होतं. सगळ्यांना आनंद झाला. आत्याबाईंनी तिला दूधभात भरवला. आणि संध्याकाळपासून तापाने फणफणून पोट फुगायला लागलं. मामंजी स्वतः पायी धावत शेजारच्या पाटलाकडे गाडी मागायला गेले, कारण आमची दमणी माझ्याबरोबर गेली होती. संग्रामपूरच्या डॉक्टरने हात लावूनच सांगितलं, इथे थांबू नका. खामगावला तिचं पोट चिरलं. आत आतड्याची शेपटी सुजून फुटली होती आणि सगळा पू पसरला होता. आदल्या दिवशी आणली असती, तर आठवड्यात घरी गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. एरंडेल कोणी दिलं, असंही त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, मी. त्यांनी तो दोष मरेपर्यंत आपल्या अंगावर घेतला. रडायच्या. मी त्यांचे डोळे पुसायचे.

वच्छला फार दिवस दवाखान्यात राहिली. परत आली तेव्हा तिला ओळखवत नव्हतं. आणि पुढे मूल झालं नाही. आत सगळं चिकटून बसलंय, असं डॉक्टरने सांगितलं होतं. चार-पाच वर्षं वाट बघून नामदेवभाऊजींनी दुसरी केली. कायदा आला होता म्हणे, पण आमच्या गावात तो कोणी वाचला नव्हता. नव्या सवतीला उंबऱ्यावर ओवाळलं ते वच्छलानेच. मी तिच्या हातात ताट दिलं.

आणि गावाने काय म्हटलं? दुखणं अंगावर काढलं वच्छलाने. एवढं पोट दुखत होतं आणि ही कैऱ्या मागत होती. लाजेपायी बोलली नाही बिचारी, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं करून बसली. हळूहळू ती आमच्या घरातली बोलण्याची पद्धतच झाली. कोणी पोर पोट धरून गप्प बसलं की लगेच, ‘वच्छलाकाकूसारखं करू नको, सांग काय होतंय ते.’ माझ्या दोन्ही मुली हे ऐकत मोठ्या झाल्या. मी स्वतः त्यांना असं म्हटलेलं आहे. वच्छला समोर बसून मेथी निवडत असताना म्हटलेलं आहे.

तिने कधीच कोणाला सांगितलं नाही की मी काय सांगितलं होतं. का? मला कळत नाही. मी विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागेल. फक्त एक झालं. दवाखान्यातून आल्यावर तिने पुन्हा कधी माझ्या कानात काही सांगितलं नाही. जे हवं ते सरळ आत्याबाईंना सांगायला लागली, मामंजींनाही, पदर सावरून, पण मान वर करून. लोक म्हणाले, उद्धट झाली. मीही विहिरीवर म्हणाले, उद्धट झाली. बोलायला मला नेहमीच सुचतं.

गडवा मी सोडला. लोकांना वाटलं, जावेच्या दुःखाने सोडला. किती कौतुक झालं माझं.

आता आम्ही दोघीच म्हाताऱ्या उरलो आहोत घरात. नवरे गेले, तिची सवतही गेली. तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे. आत्ता हे लिहिताना ती पलीकडे खोकते आहे. मला गुडघ्यांनी उठवत नाही, तर सकाळचा चहा तीच आणून देते.

परवा नातसुनेचं, त्या सवतीच्या नातवाच्या बायकोचं, पोट दुखायला लागलं. नवी पोरगी, अजून घरात रुळलेली नाही. सगळ्यांनी तिला घेरलं, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, उलटी झाली का. नातवाने लगेच दवाखान्यात नेलं. साधंच निघालं, औषधाने थांबलं. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा माहेरी आलेल्या माझ्या मुलीने ती जुनी गोष्ट काढली. नातसुनेला ती माहीत नव्हती. ती डोळे मोठे करून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने वच्छलाला विचारलं, अगदी मायेने विचारलं, “पण आजी, तुम्ही काऊन नाई सांगतलं कोनाले?”

वच्छलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती भाकरी मोडत म्हणाली, “अक्कल नोती बाई तवा.”

सगळे हळहळले. तेव्हा तरी मी बोलू शकत होते. बैलगाडी नव्हती, आखाजी नव्हती, सासरे नव्हते. मी म्हणाले, “लहान होती बिचारी. बोलायले लाजे.”

ती लाजली नव्हती. तिने सांगितलं होतं, वेळेवर सांगितलं होतं, आणि ज्या बाईला सांगायचं तिलाच सांगितलं होतं.